अक्षरी तीन पौंड

लव्हडे नानकॅरो आली तेव्हा ओहोटी लागली होती,
मी पाटीच्या दगडावरची भुकटी पाण्यानं धूत होतो.
नाव कोरून झालं होतं, सालं झाली होती:
पेरन नानकॅरो. खाली चार बोटं जागा मोकळी.
"तिथे एक शब्द हवाय," ती म्हणाली,
आणि पर्समधून विजेच्या बिलाचं पाकीट काढलं.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं शब्दांची उतरंड,
काही खोडलेले, काही खोडून पुन्हा लिहिलेले.

हेडली ट्रेविननं चष्मा कपाळावर सरकवला.
"अक्षरी तीन पौंड. सोनेरी भरलं तर चार."

एकतीस वर्षं पेरन या काठावरून त्या काठाला.
मधे अर्धा मैल खारं पाणी. दिवसाला अठरा खेपा,
उन्हाळ्यात कॉर्नवॉल बघायला पाहुणे आले की बावीस.
याला म्हणायचं काय?

ट्रिप. चार अक्षरं, बारा पौंड.
पण ट्रिप शाळेची असते, डब्यांची नि उलट्यांची,
आणि ट्रिप म्हणजे अडखळणंही.
दोरखंडात पाय गुंतून तो एकदा धक्क्यावर आपटला होता,
सहा आठवडे प्लास्टर.
"तेच कोरून ठेवू का आता?"

व्हॉयेज तिनं स्वतःच खोडला होता.
त्याला शिडं लागतात, निरोपाला बँड लागतो.
पेरन दुपारी जेवायला घरी यायचा.

ट्रॅव्हल मोजता येत नाही, ती म्हणाली,
पिठासारखं असतं ते. एक ट्रॅव्हल, दोन ट्रॅव्हल
असं कुणी म्हणत नाही.
आणि तो तर मोजायचा. सुकाणूजवळच्या फळीवर
खडूच्या रेघा, पाचवी आडवी.
रात्री पुसून टाकायचा.
का पुसायचा, ते विचारायचं राहिलं.

जर्नीवर तिचं बोट थांबलंच नाही.
हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात तो शब्द अकरा वेळा होता,
सूर्यास्ताच्या फोटोंखाली.
"आम्ही कुठे गेलो नव्हतो," ती म्हणाली.
"वॉर्ड तीनमध्ये होतो."

पुढचा तिनं मोठ्यानं वाचला नाही.
मला उलटी अक्षरं वाचायची सवय: पॅसेज.
पॅसेज काय वाईट, हेडलीनं विचारलं,
जुना शब्द, दगडावर शोभेल.
ती बराच वेळ दाराबाहेर बघत राहिली.
स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधला बोळ,
तिथल्या खुंटीवर त्याचा मेणकापडी कोट अजून आहे.
दिव्याच्या बटणाकडे हात नेला
की आधी बाही लागते.

उरला क्रॉसिंग. अर्थानं चोख. आठ अक्षरं.
तिकिटावरही तोच छापलेला.
हेडलीनं खडूनं दगडावर लिहूनही दाखवला.
लव्हडे मागे सरकली, पुढे आली, पुन्हा मागे.
"हा एकदाच ओलांडतो," म्हणाली,
"पलीकडे पोचला की संपला.
माझा नवरा परत यायचा, हेडली.
दिवसातून अठरा वेळा परत यायचा."

मग कुणी बोललं नाही. मी बादली रिकामी केली.
खालच्या धक्क्यावर एक पोरगं
नव्या नावाड्याला बोलावत होतं,
जसं या गावात सगळेच बोलावतात,
माणसाचं नाव न घेता, होडीलाच,
दोन्ही हात तोंडाशी धरून, शेवटचा स्वर लांबवत:
फेरी! फेरीईई!

लव्हडेनं माझ्याकडे पेन्सिल मागितली.

पाच अक्षरं. पंधरा पौंड. सोनेरी नको.
हेडली खडू घेऊन वाकला
तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.
"आर दोन आहेत त्यात. जागा धरून ठेव.
एक जायचा,
एक यायचा."

दुसरा आर हेडलीनं मला कोरू दिला, माझं पहिलं अक्षर.
जरासा डावीकडे कलला.
पाटीच्या दगडात दुरुस्ती नसते.